ब्लॅकवॉटर टँकच्या नावाखाली जळकी साखर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात घरी मासे पाळणाऱ्यांनी हे जरूर वाचा, कारण हा माणूस अजून धंदा करतोय. त्याचं नाव लिहीत नाही, तक्रार दिली आहे. फसवायची पद्धत तेवढी सांगतो.

त्याला दुकान नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाठवतो आणि सामान घरी आणून ब्लॅकवॉटर टँक, म्हणजे पानं-लाकडानं तपकिरी रंगलेल्या पाण्याची टाकी, लावून देतो. ‘रिओ निग्रो सेट’ म्हणून लाकूड, पानं, पानांच्या अर्काची बाटली आणि कार्डिनल टेट्रा मासे, सगळे मिळून साडेनऊ हजार. पैसे आधी, पावती नाही. "काका, पाणी एकदा रंगलं की मासं आपोआप खूश होतंय बघा," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

रिओ निग्रो ही ब्राझीलमधली नदी. मनाऊसजवळ ती सोलिमोइस नदीला मिळते आणि दोन्हींचं पाणी काही किलोमीटर शेजारी शेजारी, न मिसळता वाहतं. रेताड जमिनीवरच्या जंगलातला पालापाचोळा कुजून त्यातलं टॅनिन आणि ह्यूमिक आम्लं नदीत उतरतात. पाणी दिसतं कोऱ्या चहासारखं, पण नितळ. क्षार जवळपास नाहीत, पीएच 5 च्या आसपास, कधी त्याहून खाली. म्हणजे माशांना हवं असतं ते मऊ, आम्लधर्मी पाणी, रंग हा त्याच्यासोबत येतो. हा गडी नेमका रंगच विकतो.

आम्हीही तो सेट घेतला. पहिला संशय आला तो बाटलीमुळे. टाकीखालच्या कप्प्यात ठेवली होती, तिच्या बुचाला मुंग्यांची रांग लागली. पानांच्या अर्काला मुंग्या कशाला लागतील? बोटाला लावून बघितलं तर चिकट आणि वास थेट जळक्या साखरेचा. उसाच्या पट्ट्यात राहून आम्हाला साखरच साडेसहाशे रुपये बाटलीनं विकली, काय म्हणावं! तोवर टाकीचं पाणी दुधाळ झालं होतं. साखर पडली की जिवाणू भराभर वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन खातात. मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकत होते आणि सकाळपर्यंत बरेच गेले.

मग लाकूड बाहेर काढलं. बुडाशी रंग लावलेला एक भाग नखानं खरवडला तर खाली राखाडी सिमेंट. तरंगू नये म्हणून पोकळीत ठासून भरलेलं. त्यावर लिंबू पिळलं तर फेस आला. सिमेंटमधून चुना सुटतो, त्यानं पाण्याचा पीएच आणि कठीणपणा दोन्ही वाढतात. पाणी आम्लधर्मी करायला विकलेल्या सेटमधलंच लाकूड ते उलट्या दिशेला ओढत होतं.

आणि कार्डिनल? ते साधे निऑन टेट्रा निघाले. कार्डिनलचा लाल पट्टा पोटाखालून डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग असतो, निऑनचा मागच्या अर्ध्या भागातच. घरी आणलेला मासा पिशवीतच उजेडात धरून बघावा.

खरी होती ती फक्त पानं. ‘इंपोर्टेड केटापा’ म्हणून पंचवीस रुपयाला एक दिलेलं पान म्हणजे आपला देशी बदाम. कॅम्पात, शाळांच्या आवारात लाल होऊन खाली पडतात ती. फवारणी नसलेल्या जागची, वाळलेली, धुतलेली चालतात. पण नुसत्या पानांनी बोअरचं पाणी बदलत नाही. आमच्या बोअरला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर 480 दाखवतो, त्यातले कार्बोनेट पानांचं आम्ल गिळून टाकतात. आरओचं किंवा पहिल्या सरी सोडून धरलेलं पावसाचं पाणी मिसळल्याशिवाय पीएच हलत नाही. खानापूर, जांबोटीकडच्यांना पावसाची काय कमी!

अर्क खरा की खोटा हे घरी कळतं. वाटीत थोडा अर्क घ्या, पाणी घाला आणि हिराकशीचा खडा टाका. खतवाल्याकडे फेरस सल्फेट म्हणून मिळतो. टॅनिन असेल तर पाणी निळसर काळं पडतं. हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वी शाई करायचे ती याचमुळे, आणि हिरडा हा बदामाच्याच कुळातला. आमच्या बाटलीतलं पाणी होतं तसंच तपकिरी राहिलं. वाटीतलं पाणी टाकीत मात्र ओतू नका.

त्याला फोन केला. "तुमच्या बोअरचं पाणीच खराब हाय, त्याला मी काय करू काका?" म्हणाला. सिमेंटचं विचारलं तर, "ते वजनासाठी घालतातच की." पैसे परत मागितले आणि नंबर ब्लॉक. पैसे ज्या खात्यावर गेले त्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव आहे, हेही तेव्हाच बघितलं.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. तिथं काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पावती नसली तरी पैसे पाठवल्याची नोंद आणि चॅट चालतात, म्हणून रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. ज्यांनी याच वर्णनाच्या माणसाकडून सेट घेतलाय त्यांनी लाकूड आणि उरलेली बाटली फेकू नये. मेलेल्या माशांचे तारखेसकट फोटो असतील तर तेही जपून ठेवा.