डस्ट कलेक्टरच्या नावाखाली माझे 31,760 रुपये गेले

डस्ट कलेक्टर म्हणजे लाकूड कापताना उडणारी धूळ ओढून घेणारं मशीन. ते विकणाऱ्याने ई-वे बिलाचे, म्हणजे माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचे म्हणून 2,850 रुपये मागितले, तिथेच मी थांबायला हवं होतं. तीन आठवडे झाले, रोज रात्री तेच डोक्यात येतं. परराज्यातून येणारा असा माल 50,000 रुपयांच्या आतला असेल तर ई-वे बिल लागत नाही, आणि लागलं तरी पोर्टलवर ते फुकट निघतं. हे मला माहीत होतं. मी 22 वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात काढली आहेत. तरी भरले.

पुण्यात बिबवेवाडीला घराखाली दहा बाय बाराची खोली आहे, तिथे मी सुतारकाम करतो. सागाचा भुसा जड, खाली पडतो, झाडून काढता येतो. पण एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापलं की पिठासारखी धूळ तासन्‌तास हवेत तरंगत राहते, आणि आमच्याकडे ती जिन्यावाटे वर घरात जायची. बायकोचा खोकला दोन महिने हटेना. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच नोंदवून ठेवलंय. म्हणजे हे मशीन मी हौसेसाठी शोधत नव्हतो. बोहरी आळीच्या बाजारात 2 एचपीच्या डस्ट कलेक्टरचे 38,000 सांगितले, तेवढी माझी ऐपत नव्हती. मोबाइलवर राजकोटच्या एकाची जाहिरात दिसली : 24,500 अधिक 18 टक्के जीएसटी 4,410, एकूण 28,910. त्याने व्हिडिओ कॉलवर मशीन चालू करून रंध्याच्या ढलप्या ओढून दाखवल्या. मशीन डोळ्यांसमोर चालताना बघितल्यावर कोण संशय घेईल?

निम्मे आगाऊ, 14,455. मग ते ई-वे बिलाचे 2,850, ‘परत मिळतील’ म्हणून. मग बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आला, माल गाडीत चढलाय, बाकी द्या, पुन्हा 14,455. दुसऱ्या दिवशी ‘गेट पास’चे 5,600 मागितले तेव्हा मी नाही म्हणालो, आणि त्या क्षणापासून फोन बंद. बिल्टीवरचा नंबर ट्रान्सपोर्टवाल्याकडे नाहीच.

आता बिल पुन्हा बघतो तेव्हा संताप येतो. पत्ता राजकोटचा आणि जीएसटी नंबर 07 ने सुरू होणारा. 07 म्हणजे दिल्ली, गुजरातचा 24, आपला 27. आयुष्यभर मी हे दोन आकडे तपासले आहेत! पोर्टलवर तो नंबर टाकला तर कापडाचा व्यापारी निघाला, नोंदणी रद्द झालेली. पैसे पाठवताना यूपीआयवर फर्मचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं, त्यावर ‘मालकाचं खातं आहे’ हे उत्तर मी मान्य केलं. पैसे पाठवण्याआधी तिथे दिसणारं नाव मोठ्याने वाचा, बिलावरच्या नावाशी जुळलं नाही तर थांबा.

आणि माहितीपत्रकात ‘चार इंची पाइपातून 3000 सीएफएम, 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालेल’ असं छापलेलं. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ओढली जाते. चार इंची पाइपातून साडेतीनशे-चारशेच्या आसपास हवा धरायची. 2 एचपीची मोटर सुरू होताना 6 अँपिअरवर टिकतच नाही, 16 चा पॉइंट लागतो. असले आकडे दिसले की पुढे बोलूच नका.

पैसे गेल्यावर चौथ्या दिवशी मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तीन दिवस आशेवर आणि लाजेपायी गेले. तुम्ही तासाभरात करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात. माझे 2,310 रुपये कुठल्याशा खात्यात गोठलेत, ते अजून हाती आलेले नाहीत.

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरला म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. परत ठाण्यात गेलो तर, ‘आरोपी राजकोटचा, तिकडे तक्रार करा.’ गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर नोंदवून घ्यावीच लागते, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय. ते मी छापून नेलं. हवालदारांनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, ‘काका, एवढे शिकलेले, आधी नाही कळलं?’ चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी अडीच-तीन तास बाकावर, प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायचं. बँकेत ‘पिन तुम्हीच टाकलात’ या एका वाक्यावर बोळवण केली. पिन मीच टाकला, पण ज्या खात्यात पैसे गेले ते कुठल्यातरी बँकेने कागदपत्रं घेऊनच उघडलं ना? त्याची चौकशी करायला कुणी तयार नाही. फसवणारा मोकळा आणि हेलपाटे माझ्या नशिबी, याची चीड सगळ्यात जास्त आहे.

सध्या 7,200 चा व्हॅक्यूम, 1,450 चा प्लॅस्टिकचा सायक्लोन (हवा गोल फिरवून धूळ खाली पाडणारं नरसाळं) आणि रंगाची 20 लिटरची रिकामी बादली यांवर काम चाललंय. दोन्ही मी दुकानात चालवून बघून आणले. राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) आणि सँडर (घासायचं यंत्र) यांची धूळ नीट येते, टेबल सॉला, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीला हे अपुरं पडतं, तिथे एन-95 मास्क. होस तुंबला की बादली आत चेपते, म्हणून जाड, टणकच घ्या.

राजकोटचा पत्ता आणि 07 चा जीएसटी नंबर असलेलं डस्ट कलेक्टरचं बिल आणखी कुणाला आलं असेल तर आपल्या तक्रारीचा क्रमांक मला कळवा. सोमवारी पाचव्यांदा ठाण्यात जाणार आहे, तेव्हा सगळे क्रमांक एकत्र लिहून देईन.