समुद्रशोकाचं बी: उगवण झकास, सोबतचा कागद घातक

पाचपैकी तीन तारे. बियांना पाचही दिले असते, दोन कापले ते पाकिटातल्या माहितीपत्रकासाठी.

बिया टपोऱ्या, तपकिरी, अंगावर बारीक लव असलेल्या. कवच भलतंच टणक, त्यामुळे नुसत्या मातीत टाकल्या तर कितीतरी दिवस तशाच पडून राहतात. डोळ्याची बाजू सोडून पाठीकडून पॉलिश पेपरवर घासल्या, आतला फिकट रंग दिसताच थांबले आणि रात्रभर पाण्यात ठेवल्या. फुगलेल्या तेवढ्या लावल्या, जवळपास सगळ्या उगवल्या.

वाण अस्सल आहे हे पानांवरून कळलं. हृदयाच्या आकाराचं पान, वरून गुळगुळीत हिरवं, खालून चंदेरी रेशमी. सारखा हात फिरवावासा वाटतो! पान जरूर तपासा, कारण विधारा (समुद्रशोकाचंच दुसरं नाव) म्हणून कधीकधी मर्यादवेलही गळ्यात मारतात. तिचं पान टोकाला दुभंगलेलं असतं आणि त्यावर ही रेशमी लव नसते.

वेलाला भरपूर ऊन, निचऱ्याची माती आणि दणकट मांडव हवा. तो 10 मीटरपर्यंत सहज चढतो आणि खोड लाकडासारखं जाड होतं, नाजूक जाळीचं तिथे काम नाही. बियांपासून लावलेल्याला जांभळट गुलाबी फुलं यायला वेळ लागतो, धीर धरा.

आता तो कागद. 'बियांची पूड रोज दुधातून घ्या, ताकद येते' असं त्यावर बिनदिक्कत छापलंय. वाचून संताप आला. या बियांत लायसर्जिक ॲसिड अमाइड असतं, अर्गट या धान्यावरच्या विषारी बुरशीतल्या द्रव्यांच्या जातकुळीतलं. थोड्या बियांनीही मळमळ, उलट्या आणि भास होतात. गरोदर बाईनं तर त्या मुळीच खाऊ नयेत. आयुर्वेदात वृद्धदारुकाचं, म्हणजे याच वेलाचं, वापरतात ते मुख्यतः मूळ, आमवातावर (सांधेदुखीवर) आणि रसायन म्हणजे शक्तिवर्धक म्हणून, तेही वैद्यानं प्रकृती पाहून दिलेलं. पानं बाहेरून बांधायची जुनी रीत आहे: लवेची बाजू गळू पिकवायला, गुळगुळीत बाजू जखम भरायला. यातलं त्या कागदावर अवाक्षर नाही.

विक्रेत्याला लिहिलंय की पाकिटावर 'फक्त लागवडीसाठी' असं ठळक छापा. घरात लहान मुलं असतील तर वेलावरची सुकलेली फळं वेळेवर काढून बिया उंचावर, बंद डब्यात ठेवा.