होम की प्रो? जिनिंगच्या ऑफिससाठी विंडोज ११, फक्त परवानग्यांच्या अंगाने

यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर तीन-चारच असतात: एक काट्यावर, एक-दोन मुनीमजींकडे, एक मालकाच्या केबिनमध्ये. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या लागल्या की त्यांवर दहा जणांचे हात फिरतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून नवी मशीन घेताना विंडोज ११ च्या होम आणि प्रो या दोन आवृत्त्यांपैकी 'प्रोच घ्या, त्यात सिक्युरिटी आहे' असं ऐकू येतं. हे अर्धंच खरं आहे.

फोल्डरच्या परवानग्या, म्हणजे कोणी काय उघडावं, बदलावं हे ठरवायची सोय, होममध्येही पूर्ण आहेत. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब: दोन्हीकडे तेच. एकसारखे हक्क द्यायच्या खात्यांचे ग्रुपही होममध्ये बनतात, फक्त त्यासाठी खिडकी दिलेली नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेट लोकलग्रुप' (net localgroup) ही कमांड द्यावी लागते. प्रोमध्ये स्टार्टवर राइट क्लिक, कॉम्प्युटर मॅनेजमेंट, लोकल यूजर्स अँड ग्रुप्स, की कोण कुठल्या ग्रुपात आहे ते समोर दिसतं. दर हंगामात माणसं बदलणाऱ्या ऑफिसात ही खिडकी पैसे वसूल करते. पण प्रो फक्त त्या एका मशीनवर पुरे, जिच्यात सामायिक फोल्डर आहे. काट्यावरच्या मशीनला होम भरपूर झालं.

ग्रुप तीन करावेत: काटा, हिशेब, मालक. नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. पुढे कमांड देताना त्रास होत नाही. परवानगी नेहमी ग्रुपला द्यायची, माणसाला नाही. हंगामी पोरगा मार्चमध्ये गेला की त्याला ग्रुपातून काढून खातं डिसेबल करायचं, फोल्डरला हात लावावा लागत नाही. खातं डिलीट करून पुढच्या वर्षी त्याच नावाने पुन्हा बनवलं, तर विंडोजच्या लेखी तो नवाच माणूस. त्याला नावाने दिलेल्या जुन्या परवानग्या लागू होत नाहीत आणि सिक्युरिटी टॅबवर नावाऐवजी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा उरतो.

सगळ्यात मोठा खड्डा डी ड्राइव्हमध्ये आहे. 'सी मध्ये विंडोज, डी मध्ये आपला हिशेब, म्हणजे सुरक्षित' हा समज गावोगाव आहे. प्रत्यक्षात विंडोजने फॉरमॅट केलेल्या डी वर 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' या ग्रुपला मुळातच मॉडिफायचा हक्क असतो, आणि आत बनवलेलं प्रत्येक फोल्डर तो वारशाने घेतं. लॉगिन केलेला कोणीही डिलीट करू शकतो. म्हणून हिशेबाच्या फोल्डरवर सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, डिसेबल इनहेरिटन्स, आणि विचारल्यावर 'कन्व्हर्ट' हा पहिला पर्याय. मग ऑथेंटिकेटेड यूजर्स आणि यूजर्स या नावाच्या सगळ्या ओळी काढायच्या. सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स राहू द्यायचे. हिशेब ग्रुपला मॉडिफाय, मालक ग्रुपला रीड अँड एक्झिक्यूट, म्हणजे फक्त उघडून वाचण्यापुरतं. फुल कंट्रोल देऊ नये, कारण तो मिळालेला माणूस परवानग्याच बदलू शकतो. फोल्डरमध्ये हजारो फाइली असतील तर बदल एकेका फाइलवर होत जातो. मध्येच लाइट गेली आणि यूपीएस नसेल तर अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या. भारनियमनाची वेळ टाळूनच बसावं.

काटावाल्यांना 'डिनाय', म्हणजे साफ मनाई, लावायचा मोह होतो. लावू नये. एखादा मुनीम दोन्ही ग्रुपांत असला तर डिनाय त्यालाही अडवतो आणि मग 'काहून उघडत नाही जी?' सुरू होतं. ओळच नसणं पुरेसं आहे.

नेटवर्कवरून उघडणाऱ्यांसाठी शेअरच्या परवानग्या वेगळ्या असतात. ॲडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये एव्हरीवनला मुळात फक्त रीड असतं. दोन्हींपैकी तोकडी परवानगी चालते, म्हणून सिक्युरिटीत मॉडिफाय देऊनही दुसऱ्या मशीनवरून सेव्ह होत नाही. शेअरवर ग्रुपला चेंज द्यावं आणि खरी गाळणी सिक्युरिटीत ठेवावी. डोमेन, म्हणजे सगळी खाती एकाच सर्व्हरवर ठेवायची सोय, नसलेल्या ऑफिसात सामायिक फोल्डरच्या मशीनवर त्या माणसाचं खातं लागतं. त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं खातं दोन्ही मशीनवर ठेवलं तर पासवर्ड पुन्हा द्यावा लागत नाही. नेटवर्कवर पिन चालत नाही, कोरा पासवर्डही नाही. ग्रुपात नाव टाकल्यावर साइन आउट करून पुन्हा साइन इन करावं लागतं. स्क्रीन नुसती लॉक करून भागत नाही.

'कोणालाच डिलीट करता येऊ नये' ही मालकांची नेहमीची मागणी. इथे विंडोज कमी पडतं. एक्सेल सेव्ह करताना तात्पुरती फाइल लिहून जुनीच्या जागी बसवतं. डिलीटचा हक्क काढला की सेव्हच अडतं आणि फोल्डरमध्ये आठ अक्षरी, विचित्र नावांच्या फाइली साचतात. टॅलीसारख्या पॅकेजला डेटा फोल्डरमध्ये लिहू द्यावंच लागतं, आणि मॉडिफाय असलेला माणूस तेच फोल्डर बाहेरून उडवूही शकतो. तिथे पॅकेजमधली स्वतःची सिक्युरिटी आणि रोजचा बॅकअप, दुसरा इलाज नाही.

नवी मशीन सुरू करताना बनलेलं पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असतं आणि बहुतेक ऑफिसांत सगळे त्याच खात्यावर बसतात. तसं असेल तर वरचं सगळं व्यर्थ. रोजच्या कामाला प्रत्येकाचं स्टँडर्ड, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क नसलेलं, खातं हवं. ॲडमिनिस्ट्रेटरने बंद फोल्डर उघडताना 'कंटिन्यू' दाबलं की विंडोज त्याचं नाव परवानग्यांत कायमचं घालून ठेवतं, त्यामुळे अधूनमधून ती यादी तपासावी. एखाद्याला नेमकं काय करता येतं हे ॲडव्हान्स्डमधल्या 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' टॅबवर दिसतं. हा टॅब फारसा कोणी उघडत नाही, पण आहे कामाचा.

एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला तर परवानग्या तिथे जातच नाहीत. परवानग्या जपणाऱ्या एनटीएफएस पद्धतीची हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तरी तिथला ॲडमिनिस्ट्रेटर मालकी घेऊन सगळं वाचतो. त्यावर उपाय बिटलॉकर, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी डिस्क कुलूपबंद करायची सोय, आणि प्रो घेण्याचं ते दुसरं खरं कारण. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर छापून तिजोरीत ठेवावी, काट्याच्या टेबलाच्या खणात नाही.