आईच्या डाव्या पायाचं दुसरं बोट

आई ऑक्टोबरात सांगलीहून आमच्याकडे एडिसनला आली. जन्मभर चपला घातलेले पाय. न्यू जर्सीत थंडी पडायला लागली तसे तिला बूट घेतले, ते नेमके अर्धा नंबर लहान निघाले, आणि नवी वस्तू परत कशाला करायची म्हणून जाड मोज्यांसकट पाय कोंबून ती रोज फिरायला जात राहिली. त्यात नखांचे कोपरे आतपर्यंत गोल कापायची जुनी सवय. डिसेंबरात डाव्या अंगठ्याचं नख बाजूच्या मांसात रुतलं. हळद-तेल झालं, मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून झाले. "रात्रभर ठणका लागतो गं," म्हणाली, तेव्हा मी फोन उचलला.

इथे पायांचे डॉक्टर वेगळे, पोडायट्रिस्ट. आठवड्यानंतरची वेळ मिळाली. आईकडे पाहुण्यांसाठीचा विमा होता, पण त्यात पहिले ५०० डॉलर आपणच भरायचे. म्हणून खर्च विचारला. "साधारण चारशेच्या आसपास," रिसेप्शनवरची बाई म्हणाली. म्हणजे विमा बाजूलाच, पैसे आपणच भरायचे. सांगलीत मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटं हुज्जत घालणारी मी, इथे "थँक यू" म्हणून फोन ठेवून मोकळी झाले.

कामाबद्दल तक्रार नाही. अंगठ्याच्या मुळाशी दोन इंजेक्शनं, रक्त थांबवायला रबराची रिंग, मग नखाची एक बाजू उभी कापून चिमट्यानं ओढून काढली. जेमतेम काडेपेटीतल्या काडीएवढी पट्टी. ती कड पुन्हा उगवू नये म्हणून मुळाशी फेनॉलचा, म्हणजे मूळ जाळणाऱ्या रसायनाचा, बोळा लावला. वीस मिनिटांत सगळं झालं. आईनं ती पट्टी बघायला मागितली आणि "एवढ्याशानं जीव खाल्ला होय!" म्हणाली. डॉक्टर हसले. जाता जाता म्हणाले, बाकीची नखंही वाढलीत, तीही कापून देतो. आई तर विरघळलीच. पाटीसारख्या त्या टॅब्लेटवर मी तीन ठिकाणी सह्या केल्या, काय आहे ते न वाचता.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. एकच ओळ: वैद्यकीय सेवा, १७५० डॉलर. आईनं लगेच रुपये करून पाहिले आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जणू मीच घेतले होते.

इथे एक शब्द कामाला येतो: 'आयटमाइज्ड बिल', म्हणजे प्रत्येक गोष्टीचा वेगळा हिशेब. मागितला की मिळतो, न मागता माझ्या घरी तरी आला नाही. त्यात चार ओळी होत्या, पहिली सोडली तर कामाच्या नावाऐवजी नुसते कोड. नव्या रुग्णाची तपासणी २४०. ११७५०-टीए, ६९०. ११७५०-टी१, पुन्हा ६९०. ११७२१, १३०.

मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची बिलंच तपासते, तरी हे आकडे कळायला एक संध्याकाळ गेली. ११७५० म्हणजे नख मुळासकट कायमचं काढणं, अर्धं असो वा पूर्ण. नुसतं नख काढून मूळ तसंच ठेवलं तर कोड ११७३०, आणि तो स्वस्त. आईच्या नखाचं मूळ जाळलं होतं, तेव्हा पहिला ६९० कितीही डोळ्यांत खुपला तरी कामाचा होता. गंमत पुढच्या अक्षरांत होती. ती बोटांची नावं असतात. टीए म्हणजे डाव्या पायाचा अंगठा. टी१ म्हणजे डाव्या पायाचं दुसरं बोट.

मी उठून आईच्या खोलीत गेले आणि तिचा मोजा काढला. दुसऱ्या बोटाचं नख अख्खं, वर तिनं दिवाळीत लावलेल्या नेलपॉलिशचा लाल ठिपकासुद्धा शाबूत.

११७२१ म्हणजे सहा किंवा जास्त जाड झालेली, रोगट नखं घासून पातळ करणं. जाता जाता कापून दिलेली ती नखं! आईच्या नखांना काहीही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर बिलिंगवाल्यांनी सांगितलं, "कदाचित अंगठ्याच्या दोन्ही कडा काढल्या असतील." एक तर काढली होती एकच. आणि दोन्ही काढल्या असत्या तरी कोड नखाला लागतो, कडेला नाही, म्हणजे तो एकदाच. मी आईच्या केसची फाइल मागवली. स्वतःच्या नोंदींची प्रत मिळणं हा रुग्णाचा हक्कच आहे, आईच्या सहीचा एक अर्ज पुरला. फाइलीत स्वच्छ लिहिलं होतं: डावा अंगठा, बाहेरची कड. दुसऱ्या बोटाचा उल्लेख नाही, बाकी नखांचाही नाही.

फाइलीचं ते पान आणि लाल ठिपक्याचा फोटो पत्रासोबत पाठवला. टी१ची ओळ 'टायपिंगची चूक' म्हणून गेली. ११७२१ साठी अजून दोन फोन करावे लागले. ज्या चुकीत नेहमी त्यांचेच पैसे वाढतात तिला मी चूक म्हणत नाही, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे दुसरं बिल नव्हतं.

उरले ९३०. सांगितले होते चारशे. इथे माझे हात बांधलेले होते, आणि ते मीच बांधून घेतले होते. १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत 'नो सरप्रायझेस अ‍ॅक्ट' लागू आहे. विमा नसलेल्या किंवा स्वतः पैसे भरणाऱ्या माणसाला खर्चाचा लेखी अंदाज द्यावाच लागतो, त्याला 'गुड फेथ एस्टिमेट' म्हणतात. आमची वेळ आठवडाभर आधी ठरलेली, म्हणजे तो न मागताही यायला हवा होता. बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त आलं तर १२० दिवसांच्या आत, २५ डॉलर भरून, त्रयस्थाकडे वाद नेता येतो. पण तुलना करायला कागद लागतो. माझ्याकडे फोनवरचं "साधारण" होतं. लगेच भरले तर वीस टक्के सूट देतो म्हणाले, ७४४ भरले.

तेव्हा तुमचे आईवडील इकडे आले आणि कुणाचं नख रुतलं, तर फोनवरच तीन गोष्टी ईमेलवर मागा: कोड कुठला, किती बोटं, आणि तपासणीचे पैसे वेगळे की त्यातच. चौथी मला फार उशिरा कळली. मेडिकेअरच्या, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या, हिशेबात ११७५० नंतरच्या दहा दिवसांतली नेहमीची तपासणी त्याच पैशांत धरतात. आईला त्यांनी जखम दाखवायला बोलावलं होतं पंधराव्या दिवशी. मार्चमध्ये आई सांगलीला परतल्यावर त्याचं दुसरं पाकीट आलं, १४५ डॉलरचं. ते अजून टेबलावर आहे. त्याचंही आयटमाइज्ड बिल मागवलंय.