लहान आकाराचं संपूर्ण मराठी बायबल: सरकारी टेबलावर रोज वापरणाऱ्या कारकुनाचा अभिप्राय

आमच्या महिला मंडळातल्या नोकरी करणाऱ्या मुली विचारतात, ऑफिसात ठेवायला नवा करार आणि स्तोत्रसंहिता एवढीच छोटी प्रत घ्यावी की संपूर्ण बायबल? संपूर्ण घ्या. पर्समध्ये जागा जाते, खांद्याला वजन लागतं, तरी संपूर्णच घ्या. मोहाच्या वेळी जे लागतं त्यातलं बरंचसं जुन्या करारात आहे.

मी तालुक्याच्या गावी एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. लोकांचे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जातात. अर्ज अडला की माणूस घाबरतो आणि घाबरला की खिशात हात घालतो. "मॅडम, चहापाण्याचं बघतो ना मी." कोणी फायलीत पाकीट घालून फाईल सरकवतं, कोणी दिवाळीला मिठाईचा डबा आणतं आणि मिठाईच्या कागदाखाली नोटा असतात. देणारे बहुतेक वेळा वाईट नसतात, त्यांना तीच रीत माहीत असते. पगाराच्या शेवटच्या आठवड्यात, मुलीच्या क्लासची फी थकलेली असताना, समोर पाकीट आलं की काय होतं ते त्या टेबलावर बसणाऱ्यालाच कळतं.

माझी प्रत बायबल सोसायटी ऑफ इंडियाची आहे, 'पवित्र शास्त्र', जुन्या वळणाच्या भाषेतली. जुन्या कराराची 39 आणि नव्याची 27 मिळून 66 पुस्तकं हातात मावतील एवढ्या आकारात बसवायची म्हणजे कागद पातळ आणि अक्षर बारीक असणारच. बॉलपेनने खुणा केल्या तर मागच्या पानावर उमटतात, म्हणून मी रंगीत पेन्सिल वापरते. खुणेची फीत एकच आहे. मला दोन लागतात, दुसरी मी घरीच शिवून घेतली. एक फीत त्या दिवसाच्या वाचनाला आणि दुसरी कायम जुन्या करारातल्या 2 राजे 5 वर.

त्या अध्यायासाठीच हे पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. अरामचा सेनापती नामान कोडातून बरा होतो आणि संदेष्टा अलीशाला भेट देऊ करतो. त्याने आणलेलं असतं दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोनं आणि दहा पोशाख. अलीशा काहीच घेत नाही. मग त्याचा सेवक गेहजी रथामागे धावत जातो आणि सांगतो की एफ्राइमच्या डोंगराळ भागातून दोन तरुण संदेष्टे आलेत, त्यांच्यासाठी एक किक्कार रुपे आणि दोन पोशाख द्या. नामान आग्रहाने दोन किक्कार देतो. एक किक्कार म्हणजे 30 किलोच्या वर. गेहजीने मागितलं ते स्वतःचं नाव न घेता, न आलेल्या पाहुण्यांच्या नावावर! मला इथे फार थांबावं लागतं. माझ्या मनातही पैसे स्वतःसाठी कधी येत नाहीत, ते मुलीच्या फीसाठी येतात, सासऱ्यांच्या औषधासाठी येतात. कारण खरंच असतं. गेहजीची गोष्ट वाचली की कारण खरं असलं तरी हात पुढे करायचा नाही, एवढं पक्कं होतं.

आता मत्तय 4 घ्या. अरण्यात 40 दिवस उपाशी असलेल्या प्रभू येशूला सैतान तीनदा मोहात घालतो. तिन्ही वेळा प्रभू 'असा शास्त्रलेख आहे' म्हणून उत्तर देतो आणि तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली आहेत, अध्याय 6 आणि 8. भाकरीचं उत्तर 8:3 मध्ये आहे. फक्त नव्या कराराची प्रत जवळ असली तर उत्तर मिळतं, पण प्रभूने ते जिथून उचललं ते पान हाताशी नसतं. मी मत्तय वाचून लगेच अनुवाद 8 उघडते. तिथे इस्राएली लोकांना रानात भूक लागू देण्यामागचं कारण दिलं आहे. महिनाअखेरीला तो अध्याय आपल्याच घरातलं बोलतो.

कायदा मला पाठ आहे. 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, 2018 ची दुरुस्ती, घेणाऱ्याला 3 ते 7 वर्षं कैद, आणि आता देणाराही गुन्हेगार. पण पकडलं जाण्याची भीती तिथेच संपते जिथे कोणी बघत नसतं. उत्पत्ती 39 मध्ये मालकाची बायको योसेफाला मोहात घालते, तेव्हाही घरात दुसरं माणूस नव्हतं. आपण देवाविरुद्ध पाप कसं करू, हा त्याचा प्रश्न होता. तो तिथून पळाला. 1 करिंथ 10:13 मध्ये पौल लिहितो की मोहाबरोबर देव निभावून जायची वाटही करून देतो. माझी वाट साधी आहे. पाकीट दिसलं की मी खुर्ची मागे सारते, अर्जदाराला खिडकीपाशी सगळ्यांसमोर बोलावते, तारीख घालून पोच देते. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात ठरलेली मुदत त्याला सांगते. तो निर्धास्त होतो, आणि मीही.

मोबाईलवर मराठी बायबल फुकट मिळतं, शोधायला सोपं, अक्षर मोठं करता येतं. प्रवासात मी तेच वाचते. कामाच्या वेळी मात्र छापील प्रतच हवी. मोबाईल हातात घेतला की मॅडम टाइमपास करतायत असं रांगेतल्या माणसाला वाटतं, आणि बँकेचा मेसेज नेमका त्याच वेळी येतो. घरी अभ्यासाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' उत्तम आहे, भाषा आजची आणि टिपा भरपूर, पण तो ग्रंथ ड्रॉवरमध्ये ठेवायच्या आकाराचा नाही.

चेनवालं कव्हर मी वेगळं एका दुकानातून घेतलं, त्याची चेन लवकर गेली. रेक्झिनचं साधं कव्हर टिकतं. बारीक अक्षराबद्दल चाळिशी ओलांडलेल्यांनी दुकानातच खात्री करावी. अनुवादाचा आठवा अध्याय उघडा, ट्यूबलाइटच्या उजेडात चष्मा लावून एक परिच्छेद वाचा. डोळ्यांना ताण पडला तर एक आकार मोठा मागा.