मागवलेली नव्हती तीच क्रेन आली: १७,७०० रुपयांचा धडा

अपघातानंतर १७,७०० रुपये गेले. धडकेत नव्हे, धडकेनंतर. लिहितानाही लाज वाटते, कारण विम्याचे नियम ठाऊक नव्हते असं नाही.

समोरून धडक, इजा कुणालाच नाही, रेडिएटर फुटून कूलंट रस्त्यावर. विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला, क्रेन पाठवतो म्हणाले. पंधरा मिनिटांत क्रेन हजर. चालक म्हणाला, "कंपनीनंच पाठवलंय."

इथेच माती खाल्ली. कंपनीची क्रेन निघाली की मेसेज येतो, त्यात क्रेनचा नंबर असतो. माझ्या मोबाइलवर काहीही आलं नव्हतं. "पॉलिसी कुणाच्या नावावर आहे?" एवढं विचारलं असतं तरी तो उघडा पडला असता. पण मागे हॉर्नचा गोंगाट, वाहतूक पोलीस "गाडी हलवा" म्हणून ओरडतोय, हात थरथरतायत. अशा वेळी मोबाइल कोण बघतं? बघा. खरी क्रेन नंतर येऊन रिकामी परत गेली.

११ किलोमीटरचे ६,५०० रुपये. खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीत (आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) गाडी ओढून नेण्याचे एका अपघाताला जास्तीत जास्त १,५०० मिळतात, म्हणजे ५,००० खिशातून. भाडं ठरेपर्यंत हुक लावू देऊ नका आणि गाडी कुठे न्यायची ते तुम्ही सांगा. त्यानं नेली त्याच्या ओळखीच्या गॅरेजात. ते कॅशलेसच्या, म्हणजे विमा कंपनी जिथे बिल थेट भरते त्या गॅरेजांच्या, यादीत नाही. तिथून हलवायची तर पुन्हा क्रेनचं भाडं, म्हणून तिथेच ठेवली. नुकसानीची पाहणी करणारा सर्वेअर येईपर्यंत चार दिवसांचं 'पार्किंग', रोज ४०० प्रमाणे १,६००.

खरा डल्ला पुढे. प्लास्टिकच्या भागांवर क्लेममधून ५० टक्के घसारा (वापरानं घटलेली किंमत) कापला जातो आणि तो कापू न देणारं जादा कव्हर, झीरो डेप, माझ्याकडे नव्हतं. बंपर ९,४००, हेडलॅम्प १२,८००. दोन्हींचा निम्मा भार माझा, ११,१००. बिलात दोन्ही नवे. महिन्याभरानं बंपर सैल झाला म्हणून काढला, तर आतून क्लिपांच्या जागी प्लास्टिक वेल्डिंग. प्लास्टिकच्या भागांवर आतून घड्याळासारखा गोल शिक्का असतो, त्यावरून तो कधी बनला ते कळतं. शिक्का गाडी घेतली त्याच वर्षाचा. हेडलॅम्पचा तुटका कान चिकटवलेला. माझेच जुने भाग रंगवून मलाच विकले! नवा भाग बसवला म्हणत असतील तर जुना भाग समोर ठेवायला लावा. त्याचा फोटो काढल्याशिवाय बिल भरू नका.

आणि हो, क्लेम फॉर्म व कामाचं समाधानपत्र, दोन्हींवर कोऱ्या सह्या दिल्या. "सर्वेअर घाईत आहेत," म्हणाले. ती सही आज प्रत्येक जण माझ्याच तोंडावर मारतो.

पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला." विमा कंपनी म्हणते, "गॅरेज तुम्ही निवडलंत." दुरुस्तीनंतरची तपासणी फोटोंवरून उरकली होती; फोटोत रंग दिसतो, वेल्डिंग दिसत नाही, हे सर्वेअरला माहीत नसेल? कंपनीच्या तक्रार विभागाकडून तीच छापील ओळ तीनदा आली: तुमचा दावा नियमानुसार निकाली काढण्यात आला आहे. निकाली तर निघालाच, ३५ टक्के नो क्लेम बोनससकट (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट)! फोनवर बोलत बसू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येतं, वर्षाच्या आत. फी नाही, वकील नको. गॅरेजविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५.

गाडी हलवण्याआधी चारही कोपऱ्यांचे आणि दोन्ही नंबरप्लेटचे फोटो काढा. कुणी जखमी असेल तर हे सगळं नंतर; आधी ११२.

बंपर मी अजून बदललेला नाही. पुरावा तोच आहे.