औषधांचं स्टोअर: बिन कार्ड की सॉफ्टवेअर?

वीस-तीस खाटांच्या रुग्णालयात औषधांचा हिशेब सॉफ्टवेअरवर ठेवावा की शेल्फवर बिन कार्डं, म्हणजे प्रत्येक औषधाची आवक, जावक आणि शिल्लक हातानं लिहायची कार्डं, टांगावीत, असा प्रश्न पडला असेल तर माझा अनुभव सांगतो. कोकणातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचं स्टोअर मी सांभाळतो. दोन्ही पद्धती मी वापरल्या आहेत.

मुदत संपत आलेल्या औषधांची यादी काढायची तर सॉफ्टवेअरला तोड नाही. एखादी बॅच कंपनीनं परत मागवली की ती कुठल्या वॉर्डात गेली, तेही लगेच कळतं. कार्डांवर हेच काम दिवसभर पुरतं, आणि पावसाळ्यात ओल धरून शाई पसरली की आकडे लागत नाहीत. दोन-तीन स्टोअर असतील तर नुसत्या कार्डांवर भागणार नाही, हे मान्यच.

माझं मन फिरलं ते एका जूनच्या रात्री. संध्याकाळी स्टॉकिस्टचा माणूस सापाच्या लसीच्या वीस व्हायल्स देऊन गेला. सोबत फक्त चलन होतं, बिल दुसऱ्या दिवशी येणार होतं. आमचं सॉफ्टवेअर बिलाशिवाय आवक घ्यायचं नाही, म्हणून मी खोका तसाच शेल्फवर ठेवून घरी गेलो. रात्री अकराला घोणस चावलेला एक शेतकरी आला. सिस्टरनी स्क्रीन पाहिली, शिल्लक 0. डॉक्टर जिल्ह्याला पाठवायची चिठ्ठी लिहायला बसले. वॉर्डबॉयनं संध्याकाळी तो खोका आत नेताना पाहिला होता. तो बोलला, म्हणून किल्ली शोधून खोका फोडला. अर्धा तास त्यात गेला. घोणशीच्या विषानं रक्त गोठेनासं होतं आणि पहिला डोसच आठ-दहा व्हायल्सचा असतो. रुग्ण वाचला, पण तो अर्धा तास माझ्या मनातून गेलेला नाही.

कार्ड असतं तर माल ठेवतानाच मी त्यावर 'आवक 20' लिहिलं असतं.

दुसरी गोष्ट सरासरीची. आम्हाला आरएलच्या (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचं सलाइन) महिन्याला 240 बाटल्या लागतात, असं सॉफ्टवेअर सांगायचं. पण त्या महिन्यात दहा दिवस आरएल नव्हतंच. म्हणजे 240 बाटल्या वीस दिवसांत संपल्या होत्या, खरी गरज 360 ची. सॉफ्टवेअरच्या आकड्यावर मागणी केली की पुढच्या महिन्यात पुन्हा तुटवडा. कार्डावर शिल्लक शून्य झाल्याची तारीख आणि पुढची आवक एकाखाली एक दिसतात, त्यामुळे रिकामे दिवस नजरेतून सुटत नाहीत. सगळीच सॉफ्टवेअर अशी असतील असं नाही. रिकामे दिवस वगळून सरासरी काढणारीही असतील, माझ्या वाट्याला आली नाहीत.

तामिळनाडूच्या औषध महामंडळाचं उदाहरण मला यासाठी आवडतं. 1994 साली ते स्थापन झालं, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं उभी राहिली, तिथला साठा संगणकावर आला. तरी रुग्णालयाच्या हातात पासबुक दिलं. किती रकमेची औषधं उचलली आणि किती बाकी, ते त्यातच दिसतं.

आता मी जीव वाचवणाऱ्या छत्तीस औषधांना कार्डं लावली आहेत आणि प्रत्येकावर लाल शाईनं मागणीचा आकडा आहे. आरएलचा 420: माल यायला वीस दिवस लागतात त्याचे 240, आणि पंधरा दिवसांची राखीव 180. शिल्लक तिथे आली की जो कोणी बाटली काढेल तो माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवतो. बाकीची औषधं सॉफ्टवेअरवर आहेत. दर सोमवारी दहा कार्डं स्क्रीनशी ताडून पाहतो. फरक पडला तर शेल्फवर मोजतो, आणि आजवर बहुतेक वेळा कार्डच बरोबर निघालं आहे.

तुम्ही सॉफ्टवेअरच घेणार असाल तर डेमोच्या वेळी विक्रेत्याला समोर बसवून, बिल नसताना नुसत्या चलनावर आवक चढवून दाखवायला सांगा.